आधी माझा गाल, मग तुमचा

तर तो टॉवेल लाल झाला, इथपर्यंत आपण आलो होतो. काल मध्येच चहा आला आणि गोष्ट राहून गेली. चहाचं हे असंच, घसा ओला करायला म्हणून येतो आणि बोलणंच बंद पाडून जातो.

टॉवेल पांढरा होता, नवाकोरा होता, आणि रक्त आमच्या लोणी न्हाव्याचं स्वतःचं होतं. गिऱ्हाइकाचं असतं तर भांडण झालं असतं, आरडाओरडा झाला असता आणि गोष्ट आणखी लांबली असती. पण हे त्याच्याच डाव्या गालाचं रक्त, काप तांदळाच्या दाण्याएवढा, आणि थांबायला तयार नाही. त्याने तुरटीचा खडा भिजवून दाबून धरला. एरवी तुरटी लागली की रक्त कसं, आईने डोळे वटारल्यासारखं जागच्या जागी गप्प बसतं. त्या दिवशी तुरटीच लाल झाली. मग टॉवेल. मग शर्टाची कॉलर. दुकानात बाकावर चौघे जण बसलेले, खुर्चीत एक जण तोंडाला साबण लावून तयार, आणि हा आरशासमोर गाल धरून उभा.

शेजारच्या शिंप्याने बाकावरूनच आवाज टाकला, "वा! लोणी होतंच, आता जॅमही आला. पाव आणतंय का कुणी?"

सगळं दुकान हसलं. खुर्चीतल्या माणसाने हसता हसता तोंडावरचा साबण पुसला आणि म्हणाला, "मी जरा जाऊन येतो." तो कसला येतोय! त्यानंतर कितीतरी दिवस तो दाढी वाढवून हिंडत होता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, नाहीतर म्हणाल हा म्हातारा अर्ध्यातूनच सुरू करतो. लोणी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून चालवणारा कारागीर. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. हात इतका मऊ की दाढी झाली तरी माणूस म्हणायचा, "हं, कर की सुरू." म्हणून लोणी. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि त्याचा एक रिवाज. सकाळी दार उघडून पहिल्या गिऱ्हाइकाला वस्तरा लावायच्या आधी तो सगळ्यांच्या देखत स्वतःची दाढी करायचा. वस्तऱ्यात नवं पातं घालायचा, आरशातून बाकाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आधी माझा गाल, मग तुमचा." हे त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं. पातं चांगलं आहे की नाही हे कारागिराने आधी स्वतःवर बघावं, असा त्यांचा हिशेब. या दुकानात रक्त सांडत नाही, हे तो असं सांगायचा की जसं काही सूर्य आपल्या दुकानातूनच उगवतो.

तर टॉवेलच्या आधी त्याचं यकृत गेलं. दारूने नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण गल्लीने परस्पर तेच ठरवलं होतं. बिचाऱ्याने जन्मात थेंब चाखला नव्हता. जुनी कावीळ होती, ती गुपचूप अंगात मुरली आणि तिने आतल्या आत पोखरलं. पोट घागरीसारखं झालं, डोळे पिवळे, दात घासले की हिरड्यांतून रक्त, आणि एकदा तर भर दुपारी दुकानाच्या मोरीत रक्ताची उलटी. डॉक्टर म्हणाले, आता यकृत बदलायचं. घरातल्याच कुणीतरी आपला तुकडा द्यायचा.

आमच्या शाळेत गुरुजींनी यकृत फळ्यावर वांग्यासारखं काढलं होतं. त्यामुळे तुकडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर भाजीच आली. पण ते खरं आहे, तुकडा काढला तरी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही पुन्हा वाढतं. देवाने एवढी सोय दुसऱ्या कुठल्या अवयवाला दिलेली नाही. माझ्या दातांना द्यायला हवी होती.

तुकडा द्यायचा कुणी? बायकोचा रक्तगट जुळेना. सख्ख्या भावाची नेमकी तेव्हाच पाठ धरली. उरला मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आता हा मेहुणा कोण, तर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. आणि लोणीचा आयुष्यभराचा विनोद कोण, तर हाच. मेहुणा दुकानात आला की हा बाकाकडे बघून डोळा मारायचा.

"या पाहुणे! आज काही कमावलंत, की नुसतीच हवा?"

"दाजी, आम्ही हवा तरी विकतो," मेहुणा म्हणायचा, "तुम्ही तर कापलेला माल झाडून बाहेर टाकता."

बाक हसायचा, पण मेहुण्याबरोबर कमी आणि मेहुण्याला जास्त. त्याला ते कळायचं. तरी यायचा, कारण बहीण याच्या घरात होती.

तर हा मेहुणा उठला आणि म्हणाला, "माझं बघा." बघितलं, जुळलं, आणि त्याने दिलं. एवढं सोपं. शस्त्रक्रियेनंतर कितीतरी महिने त्याला ट्रम्पेट फुंकता येईना, पोटाची शिवण ओढायची. बँडवाल्यांनी त्याला हातात खुळखुळा देऊन मागच्या रांगेत उभं केलं. ते कळलं तेव्हा लोणीने मान फिरवली. मला म्हणाला, "आबा, ज्याला आयुष्यभर हसलो, त्याचाच तुकडा पोटात घेऊन हिंडायचं. जेवायला बसलो तरी वाटतं, हा आत बसून बघतोय."

मी म्हटलं, "अरे, मग एकदा तोंडाने म्हण त्याला, बाबा रे, जगवलंस."

"म्हणेन की," तो म्हणाला. नाही म्हणाला.

आता गोळीचं सांगतो, तिच्याशिवाय टॉवेल कळायचा नाही. दवाखान्यातून सोडताना मी बरोबर गेलो होतो. मला कुठेही बरोबर जायला आवडतं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, बारीक चणीच्या, पण बोलायला लागल्या की शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जायचं. त्या म्हणाल्या, "शस्त्रक्रियेच्या वेळी यकृताला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत जुनी गाठ सापडली. रक्त गोठून बसलं होतं. आम्ही ती काढली, पण पुन्हा होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची ही गोळी, रोज. आणि दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी."

लोणी म्हणाला, "बाई, माझं तर रक्त थांबत नव्हतं. हिरड्यांतून यायचं, उलटीतून यायचं. मग गोठलं कधी?"

बाई हसल्या. "सगळे हेच विचारतात. रक्त गोठवणारा माल यकृत तयार करतं, आणि ते नको तिथे गोठू नये म्हणून आवरणारा मालही यकृतच तयार करतं. यकृत आजारी पडलं की दोन्ही कमी. तराजूची दोन्ही पारडी हलकी, जरा धक्का लागला की कुठेही झुकतात. म्हणून एकाच माणसाला आज रक्ताची उलटी होते आणि त्याच्याच शिरेत गाठही बसते."

"म्हणजे एकाच घरात दोन सुना," मी म्हटलं.

"तसंच समजा आजोबा. आणि हो," त्या लोणीकडे वळल्या, "दाढी मशीनने करायची. वस्तरा लावायचा नाही."

"कुणाला?"

"तुम्हाला हो! लोकांना लावा."

बाहेर येईपर्यंत तो तणतणत होता. मशीनने दाढी करणारा न्हावी म्हणजे दुसऱ्याच्या घरी जेवणारा आचारी, असं काहीबाही. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी त्याने तोंडावरचा मास्क काढला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं, बाकाकडे बघितलं आणि ते आपलं वाक्य म्हटलं. पुढे टॉवेलचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

रक्त शेवटी थांबलं, दाबून दाबून. पण शिंप्याचा विनोद थांबला नाही, तो गल्लीभर फिरला. लोक दारातून वाकून विचारायचे, "काय लोणी, आज जॅम आहे का?" आणि हा हसायचा. त्याचं ते हसणं मी पाहिलंय. ओठ हसायचे आणि कान लाल व्हायचे.

मग त्याने गोळी बंद केली.

बायको रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी आणि पाण्याचा पेला द्यायची. हा गोळी गालात धरायचा, पाणी प्यायचा, मान हलवायचा, दुकानात यायचा आणि ब्रश धुवायच्या भांड्यात थुंकायचा. बाकीच्या गोळ्या घ्यायचा बरं का, ही एकच नाही. तपासणीचं बायकोने विचारलं की "झाली, सगळं ठीक आहे." दवाखान्यातून फोन आला की "दुकानात गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात येतो." थोड्याच दिवसांत गाल पुन्हा ऐकायला लागला. लागलंच एखादं पातं तर तुरटीचा एक हात, की गप्प. दाढी वाढवून हिंडणारं ते गिऱ्हाईकसुद्धा परतलं. लोणी खूश. मला म्हणाला, "आबा, रक्त ताळ्यावर आलं." मी म्हटलं, वा. मला काय माहीत ते कुठल्या ताळ्यावर आलंय!

मग एके दिवशी पोट पुन्हा जड झालं. उजवीकडे दुखायला लागलं, पाय सुजले. दवाखान्यात यंत्राने बघितलं तर त्याच मोठ्या शिरेत गाठ. यकृताकडे जाणारं रक्त निम्म्याहून जास्त अडलेलं. डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. या खेपेला आवाज हळू होता, आणि तोच जास्त भीतीचा वाटला.

"गोळी रोज घेत होता ना?"

बायको उशाशी उभी. मी पायथ्याशी. लोणी म्हणाला, "एकही चुकवली नाही."

आणि बायको लगेच पुढे, "मी स्वतःच्या हाताने देते बाई, समोर उभी राहून."

झालं. आता ते खोटं एकट्याचं राहिलं नाही, तिचंही नाव त्याला लागलं. बाईंनी कागदावरचे आकडे पुन्हा बघितले. "रक्त मात्र म्हणतंय की गोळी पोचलीच नाही. काही जणांना लागू पडत नाही, ते बघावं लागेल. आणि आणखी एक शक्यता आहे. गोठणं आवरणारा माल यकृत बनवतं हे मी सांगितलं होतं. तुमच्या पोटात आता मेहुण्यांचं यकृत आहे. ते तुमच्या पोटात बसून माल मात्र आपल्या मूळ घरचाच बनवणार. त्यांच्या घराण्यातच तो माल जन्मतः कमी असला, तर ती खोट यकृताबरोबर तुमच्याकडे आली असणार. त्यांना बोलवा, रक्त तपासू. कारण कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवणं धोक्याचं आहे."

लोणी तेव्हाच बोलला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

मेहुणा निरोप मिळाल्या मिळाल्या आला, कुठल्याशा लग्नातून थेट, अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. वॉर्डातले पेशंट उठून बसले, त्यांना वाटलं कुणी मोठा अधिकारी आला. तो खाटेच्या पायथ्याशी बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. बहिणीने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"आपल्या अण्णांचा पाय शेवटी सुजला होता ना गं, ताई?" तो वडिलांची आठवण काढून म्हणाला. "एक पाय. काळानिळा पडला होता. तेच असणार. आपल्या घराण्यातच असणार."

बहिणीने हो म्हणून मान हलवली.

"दाजी," तो लोणीच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "मला माफ करा. मला वाटलं होतं, आयुष्यात एक गोष्ट तरी तुम्हाला धड दिली. तीही खोटी निघाली."

लोणी छताकडे बघत होता.

"आणि पोरीचं काय करू?" मेहुणा आता आमच्या सगळ्यांकडेच बघत होता. "तिला सातवा महिना लागलाय. तिच्या रक्तातही हे असलं तर? बाळंतपणात गाठ झाली तर? मी तिच्या सासरी काय सांगू, आमच्या रक्तातच खोट आहे म्हणून?"

मी लोणीकडे बघितलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, पण माणूस इतक्या दिवसांचा ओळखीचा. कान लाल झाले होते, अगदी टॉवेलच्या दिवशीसारखे. तोंडातून मात्र एवढंच आलं, "असू दे रे. तुझा काय दोष."

असू दे! म्हणजे वर माफही केलं. नंतर त्याने सगळं सांगितलं तेव्हा मला हे वाक्य आठवलं आणि त्याच्याऐवजी माझीच मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आम्ही सगळे पुन्हा तिथेच. सिस्टर ट्रे घेऊन आली, मेहुण्याच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, कापूस फिरवला. मेहुण्याने नेहमीसारखा विनोद करायचा प्रयत्न केला. "घ्या सिस्टर. तुकडा आधीच घेतलात, आता रस्सा घ्या."

सिस्टर हसली. सुई कातडीला टेकणार, तेवढ्यात लोणी खाटेवर उठून बसला. इतक्या झटक्यात की सलाइनची नळी ताणली गेली.

"सोडा त्याचा हात."

सिस्टर म्हणाली, "काय झालं काका?"

"त्याचं रक्त घेऊ नका. त्याच्यात काही नाही. गोळी मी खाल्लीच नाही. रोज थुंकत होतो."

बायको म्हणाली, एवढंच म्हणाली, "अहो, माझ्यासमोर? मी पेला हातात धरून उभी असायचे हो."

"गालाचं रक्त थांबत नव्हतं," लोणी म्हणाला. "लोक हसत होते."

बोलला आणि आपल्याच कानाने ऐकलं त्याने. एका बाजूला मेहुण्याचं फाडलेलं पोट, त्याच्या पोरीचं बाळंतपण, बायकोचा शब्द, आणि दुसऱ्या बाजूला काय, तर लोक हसत होते. त्याने चादर तोंडावर ओढून घेतली. एवढा मोठा माणूस, पण चादरीखाली लहान दिसला.

सिस्टरने मेहुण्याच्या दंडाची पट्टी सोडली. त्याने बाही खाली केली, कोट अंगात घातला, एकेक बटण लावलं, टोपी उचलली आणि निघून गेला. मी मागून हाक मारली, पण तो वळला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कधीपासून घेतली नाही एवढं विचारलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बोललात. गोळी नापास झालेली नाही, म्हणजे आता वाट सोपी आहे." मग पोटाच्या कातडीतून बारीक नळी शिरेपर्यंत नेली, औषध सोडून गाठ विरघळवली, आणि यंत्रावर रक्त पुन्हा वाहताना त्याला दाखवलं. निळं-तांबडं काहीतरी लुकलुकत होतं. यकृत वाचलं. तो बघतच राहिला. "आबा," म्हणाला, "त्याचं यकृत किती सोसतंय बघा."

घरी आल्यावर त्याने स्वतःच दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं, शिंप्यासकट. आता तो दुकानात यायच्या आधी घरी मशीनने दाढी करतो. शिंप्याने जॅमचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट कुणी दुसऱ्याने काढलं की त्यालाच दटावतो.

पण मेहुणा येईना. बहिणीला फोन करायचा आणि विचारायचा, "पोट कसं आहे?" दाजी कसे आहेत असं नाही, पोट कसं आहे. स्वतःच्या तुकड्याची चौकशी. बायको तो निरोप जसाच्या तसा सांगायची आणि लोणी उत्तर द्यायचा, "बरं आहे म्हणावं, नीट सांभाळतोय." पोरीचं बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. बारशाला बायको एकटीच गेली. लोणी दारापर्यंत तयार होऊन आला आणि तिथूनच परत फिरला.

आणि मग एके दुपारी, दुकानात मी एकटाच वर्तमानपत्र उघडून बसलेला असताना, मेहुणा दारात उभा. बारीक झाला होता, पण ट्रम्पेटची पेटी पुन्हा हातात होती. तो आत आला. लोणी खुर्चीवरचे केस झटकायला लागला, "बस ना, बस की रे," असं काहीतरी म्हणत. मेहुणा बसला नाही.

"दाजी, मला दाढी नको. एकच विचारायला आलोय. घरी विचारलं असतं, पण ताईसमोर नको वाटलं."

मी उठायला लागलो, तर मेहुणा म्हणाला, "बसा आबा, तुम्हीही होता तिथे." मग लोणीकडे वळला. "त्या दिवशी सिस्टर सुई घेऊन आली नसती, माझं रक्त कुणी मागितलंच नसतं, तर तुम्ही बोलला असता का?"

माझं वर्तमानपत्र उलटं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी मनातल्या मनात लोणीला सांगत होतो, अरे, बोललो असतो म्हण. दोन शब्द आहेत. आज ना उद्या बोललोच असतो म्हण, तोही ते धरून ठेवेल, बसेल, चहा येईल. सोपं होतं. लोणीने हातातला ब्रश खाली ठेवला. आरशात बघितलं, मग आरशात बघायचं सोडून मेहुण्याकडे बघितलं, आणि म्हणाला:

"नसतो बोललो. तू माझ्या पायाशी बसून माफी मागत होतास ना, ते ऐकायला मला बरं वाटत होतं."